मुरायला सवड

जुन्या सिंगल माल्ट स्कॉचचे कौतुक करताना आपण बाटलीवरचा आकडा आधी वाचतो. बारा, अठरा, पंचवीस. त्या आकड्यामागे कायद्याचा केवढा मोठा हात आहे, हे वऱ्हाडातल्या मेडशीच्या जंगलपट्ट्यातून पाहिले की लख्ख दिसते.

दोनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या दऱ्याखोऱ्यांतली बरीचशी व्हिस्की चोरूनच गाळली जाई. १८२३च्या अबकारी कायद्याने कर उतरला, परवाना आवाक्यात आला. १८२४मध्ये ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने तो घेतला, तेव्हा चोरट्या भट्टीवाल्यांनी त्याला धमकावले. तो पिस्तुले बाळगून हिंडे. पण त्या परवान्याने त्याला निश्चिंतपणा दिला. ज्याच्या दारी कधीही धाड पडेल, तो पिंप भरून बारा वर्षे ठेवणार कसा?

आपल्याकडच्या मोहाचे नेमके हेच झाले. मोहफुलात मुळातच साखर असते, त्यामुळे बार्लीसारखे मोड आणण्याचे कामही वाचते. पण धाडीत आंबवलेल्या फुलांचा सडवा सापडला की तो ओतून द्यायचा, हीच आपल्याकडची रीत. १८९२मध्ये इंग्रजांनी ठाणे-कुलाब्यात मोहफुलांवर कायदा आणला. पुढे १९४९च्या दारूबंदी कायद्याचा वचक राज्यभर राहिला. फुले गोळा करण्यावरचे आणि साठवण्यावरचे निर्बंध २०२१मध्ये सैल झाले खरे, पण घरची भट्टी अजूनही गुन्हाच आहे. म्हणून दारू रातोरात गाळायची, सकाळच्या आत खपवायची. ‘पहिल्या धारेची’ म्हणून आपण जिचा मान राखतो, ती धार स्कॉटलंडचा कारागीर वेगळी काढतो. तिच्यात झोंबणारे, लवकर उडणारे घटक फार असतात. तो मधली धार घेतो. ही निवड करायलाही स्वस्थता लागते.

पिणाऱ्याचेही तसेच. स्कॉच चाखणारा निमुळत्या तोंडाचा पेला नाकाशी नेतो, थांबतो, थेंबभर पाणी घालतो. पाण्याने वास का उमलतो, याचा उलगडा स्वीडनच्या दोन संशोधकांनी २०१७मध्ये मांडला: धुरकट वासाचा ग्वायकॉल हा घटक पाणी घातल्यावर पृष्ठभागाकडे येतो. हा संथपणा शिकवता येतो. लपून, एका घोटात, खारे काहीतरी तोंडात टाकून पिणाऱ्याला चव कळत नाही, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्याला चव घ्यायला सवडच मिळालेली नाही.

वयाच्या आकड्याचा धाकही आपण सोडावा. स्कॉटलंडात पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के मद्य उडून जाते. दोनशे लिटरांतले बारा वर्षांनी सुमारे १५७ लिटर उरते. बेंगळुरूला ‘अमृत’ या मद्यकंपनीच्या गोदामात ही घट दहा टक्क्यांच्या वर जाते, दहाच धरली तरी उरते जेमतेम ५६. आपल्या वऱ्हाडचा उन्हाळा तर त्याहून कडक. शिवाय कोरड्या हवेत पाणी अधिक उडते आणि पिंपातले मद्य तीव्र होत जाते. स्कॉटलंडच्या दमट थंडीत ते सौम्य होते. उष्णतेत ओक आपला रंग नि गंध लवकर सोडतो. २००४मध्ये अमृतने ग्लासगोतच आपली माल्ट विकायला काढली, ती बारा वर्षांच्या बढाईवर नव्हे.

दारूने उद्ध्वस्त झालेली घरे विदर्भाला नवी नाहीत. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे आणि तिच्यामागे बायकांचा खरा संताप आहे. त्या संतापाला बगल देऊन चवीच्या गप्पा मारणे मला पटत नाही. पण चोरट्या घाईत गाळलेल्या दारूपेक्षा तपासलेली, मोजून विकलेली, दोन-तीन उन्हाळे मुरलेली मोहाची दारू अधिक सुरक्षित असेल, एवढे मी ठामपणे म्हणेन. गोव्याच्या काजू फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती उघडपणे गाळता येत होती, म्हणूनच ते शक्य झाले. मोहासाठी असा परवाना द्यायचा तर तो मोहफुले वेचणाऱ्यांच्या गटांना द्यावा, बाहेरच्या कारखानदाराला नको. आणि द्यायचा की नाही, हे ग्रामसभेतल्या बायकांनी ठरवावे.