सम-विषम

आमच्या पेठेत कापडाची दोन जुनी दुकानं आहेत, रस्त्याच्या दोन बाजूंना, अगदी तोंडासमोर तोंड. एक अण्णांचं, एक तात्यांचं. मी अण्णांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो, त्यामुळे पुढचं बरंचसं खिडकीतून पाहिलेलं आहे आणि थोडं मामांकडून ऐकलेलं.

मामा म्हणजे सेल्समन. साडी अशी उलगडायचे की घ्यायला न आलेली बाईसुद्धा हात पुढे करायची. चौदा वर्षं ते अण्णांकडे होते. मग एका दिवाळीच्या तोंडावर तात्यांनी महिन्याला 500 रुपये जास्त देऊन त्यांना आपल्याकडे नेलं. त्या दिवसापासून अण्णा तात्यांशी बोलले नाहीत. लहानपणापासूनची अरे-तुरेची दोस्ती अकरा वर्षं बंद. अण्णांनी गादीसुद्धा फिरवून घेतली, समोरचं दुकान दिसू नये म्हणून. रस्त्याकडे पाठ करून बसणारा दुसरा दुकानदार मी तरी पाहिलेला नाही.

2020 साली गुढीपाडवा आला 25 मार्चला, आणि कोरोनाची देशभरातली टाळेबंदी लागली ती नेमकी त्याच दिवशी. पाडव्यासाठी आणि पुढच्या लग्नसराईसाठी भरलेला माल दोघांच्याही फडताळात घडी घालून बसला. अक्षय्य तृतीया गेली. सरकारी रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळायला लागलं, शिवभोजनाची थाळी दहाची पाच रुपयांना झाली, म्हणून पेठेतल्या हमालांची चूल पेटती राहिली. हे खरं आहे आणि ते सांगितलं पाहिजे. पण दुकानभाडं, विजेचं बिल आणि बँकेचा हप्ता यांना थाळी चालत नाही.

जूनमध्ये राज्यानं 'पुनश्च हरिओम' म्हणत टाळेबंदी सैल केली. आमचं शहर ज्या यादीत होतं तिथे दुकानं उघडली ती अर्धी: विषम तारखेला रस्त्याची एक बाजू, सम तारखेला दुसरी. वेळ सकाळी नऊ ते पाच. कपड्याच्या दुकानात घालून बघायची सोय बंद, घेतलेलं बदलून मिळणार नाही, परत घेतलं जाणार नाही. पहिला दिवस 5 जून, म्हणजे विषम, म्हणजे अण्णांची बाजू. त्या दिवशी वटपौर्णिमा होती. वडाला जायची साडी त्याच सकाळी कोण घेतं? दिवसभरात अण्णांची भवानी झाली ती दोन टॉवेलांची.

नियमाला नावं ठेवणारे पेठेत पुष्कळ होते. मला विचाराल तर गर्दी वाटून घ्यायची ती एक रीत होती, फार शहाणी नसली तरी अगदी वेडगळही नव्हती. हाल झाले ते नोकरांचे. अण्णांच्या दुकानातली दोन्ही पोरं गावाकडे अडकली होती, एसटी पुरेशा धावत नव्हत्या. साठीच्या पुढे सरकलेले अण्णा एकटेच शटर वर करायचे, एकटेच गठ्ठे काढायचे, एकटेच बिल फाडायचे. समोर तात्यांकडे मामा होते, पण महिन्यातले पंधराच दिवस. पगार 12,000 चा 6,000 झाला. विषम तारखांना मामा घराच्या ओट्यावर बसून तपकीर ओढायचे.

17 जूनला जीपमधून चौघं आले. बाप, आई, आत्या आणि नवरी. लग्न पन्नास माणसांत उरकायचं ठरलेलं, तेही आषाढ लागायच्या आत. बस्ता बांधायला एकदाच शहरात येणं जमणार होतं. बाकीची खरेदी झाली, घोडं अडलं ते शालूवर. मुलीला हिरवाच हवा होता, आणि रुंद काठाचा. अण्णांचा माल मार्चपासून ट्रान्सपोर्टच्या गोदामात अडकलेला. होते ते सहा शालू त्यांनी उलगडून दाखवले. आत्यानं प्रत्येकाचा काठ उजेडात धरून पाहिला, कारण बदलून मिळणार नाही हे ती सारखं बजावत होती.

"उद्या समोरचं उघडतं," अण्णा म्हणाले. "त्यांच्याकडे असेल."

"उद्या जीप नाही मिळायची, अण्णा," बाप म्हणाला.

अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग अकरा वर्षांत पहिल्यांदा ते गादीवर वळून बसले आणि समोरच्या पाटीवरचा नंबर फिरवला. समोरच्या बंद शटरच्या आत फोन वाजायला लागला. रस्त्यात शुकशुकाट, त्यामुळे ती घंटी मला वर खिडकीत ऐकू येत होती. अण्णा पण ऐकत होते, एका कानानं रिसीव्हरमधून, दुसऱ्यानं रस्त्यापलीकडून. बंद दुकानात फोन कोण उचलणार हे त्यांच्या लक्षात यायला दहा-बारा घंट्या गेल्या असतील. नवरी तोंडाला मास्क असूनही हसत होती हे कळत होतं. मग पाटीच्या खालच्या ओळीतला मोबाइल नंबर त्यांना दिसला.

"मी समोरचा बोलतोय."

"बोला."

"हिरवा शालू आहे का? रुंद काठाचा. गिऱ्हाईक बसलंय."

तात्यांच्या बाजूनं काही क्षण काहीच आलं नाही. शटर वर करणं शक्य नव्हतं, महापालिकेचं पथक फिरत होतं. पण तात्यांचा भारी माल उंदरांच्या भीतीनं नेहमी घरच्या माळ्यावर असायचा, हे अण्णांइतकं कुणाला ठाऊक असणार! "मामांना पाठवतो," तात्या म्हणाले.

मामा गठ्ठा घेऊन आले. चौदा वर्षं जिथे चपला काढायचे त्याच कोपऱ्यात त्यांनी त्या काढल्या. अण्णांनी वर न बघता सांगितलं, "सॅनिटायझर तिथं आहे." एवढंच. मग मामांनी शालू उलगडला, आणि पुढचं काम शालूनं केलं.

गठ्ठ्याबरोबर तात्यांनी आपलं बिलबुक पाठवलं नव्हतं. अण्णांनी मामांना परत पिटाळून ते मागवून घेतलं आणि पावती तात्यांच्याच नावानं फाडली. दुसऱ्या दिवशी तात्यांकडून दलालीचं पाकीट आलं. अण्णांनी ते तसंच माघारी धाडलं. निरोप असा: "दलाली नको. विषम तारखांना मामा रिकामेच असतात ना?"

पेठेला वाटलं, अण्णा आता जुना डाव उलटवणार, मामांना पळवणार. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं. तात्यांना तर नक्कीच वाटलं असणार, कारण त्यांनी उत्तर द्यायला दोन दिवस घेतले. मग ठरलं ते असं: सम तारखा तात्यांकडे, विषम अण्णांकडे, अर्धा पगार याचा, अर्धा त्याचा. मामांचे 12,000 पूर्ण झाले. आणि आपोआप आणखी एक गोष्ट झाली. आज या दुकानात काय नाही आणि उद्या त्या दुकानात काय आहे हे सांगणारा एकच माणूस दोन्हीकडे असल्यामुळे गिऱ्हाईक हात हलवत परत जाणं कमी झालं.

मी ही गोष्ट इथेच थांबवली असती. पण कॅलेंडरनं एक खोच मारून ठेवली होती. जुलैला 31 दिवस. 31 विषम, आणि 1 ऑगस्टही विषम. 2 तारीख सम खरी, पण रविवार, पेठेची सुट्टी. 3 ऑगस्टला सोमवारी राखीपौर्णिमा, पुन्हा विषम. म्हणजे सणाच्या आधीचे दोन्ही दिवस आणि सणाचा दिवस, तिन्ही अण्णांचे. तात्यांचं शटर 30 जुलैला खाली येणार ते सण संपल्यावरच वर जाणार. सरकारी आदेश काढणाऱ्यानं महिना एकतीस दिवसांचा असतो हे बहुधा मोजलं नव्हतं. चार महिन्यांच्या उपासानंतर अशी संधी कुठल्या व्यापाऱ्याला नको असते? अण्णांच्या बाजूचे काही जण उघडउघड खूश होते.

30 तारखेला संध्याकाळी पाच वाजता अण्णा रस्ता ओलांडून गेले. तात्या कुलूप लावत होते.

"तुझा राखीचा माल काढ," अण्णा म्हणाले. "माझ्या डाव्या फळ्या रिकाम्या केल्यात."

तात्यांनी कुलपाकडे बघतच विचारलं, "आणि गिऱ्हाईकानं तुझंच घेतलं तर?"

"तर तुझा माल वाईट."

तिन्ही दिवस डाव्या फळ्यांवर तात्यांचा माल होता आणि गल्ल्यापाशी दोन बिलबुकं. मामा मध्ये उभे. तात्या स्वतः आले नाहीत, घरीच थांबले. पण सोमवारी दुपारी त्यांच्याकडून दोघांपुरता नारळीभात आला. गादी तोवर रस्त्याकडे वळलेली होती, ती पुन्हा फिरवली गेली नाही.

पुढे सम-विषम उठलं, दोन्ही बाजू रोज उघडू लागल्या. अण्णांची पोरंही परत आली. मामांची वाटणी मात्र तशीच राहिली, आठवड्यातले तीन दिवस इकडे, तीन तिकडे.

मग 2021 चा एप्रिल आला आणि दुसऱ्या लाटेनं पेठ पुन्हा बंद झाली. 13 एप्रिलला राज्यानं 5,476 कोटींची मदत जाहीर केली. परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणी असलेले फेरीवाले, घरकामगार, बांधकाम मजूर यांना प्रत्येकी 1,500 रुपये. शिवभोजनाची थाळी मोफत झाली. ज्यांची कुठे ना कुठे नोंद होती त्यांच्यापर्यंत सरकारला पोचता येत होतं. मामांनी पेपरमधली ती यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. कापड दुकानातला सेल्समन त्यात नव्हता.

त्या एप्रिलचा आणि मेचा पगार मामांना 1 तारखेला घरपोच मिळाला. 6,000 या बाजूचे, 6,000 त्या बाजूचे.