शटर दाबलं कुणी?

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या उत्तर भागात काळ्याभोर अंगाची, डोक्यावर शेंडी असलेली मकाक माकडं राहतात. स्थानिक लोक त्यांना ‘याकी’ म्हणतात. ही जात अस्तंगत होण्याच्या काठावर आहे. 2011 मध्ये ब्रिटिश छायाचित्रकार डेव्हिड स्लेटर तिथे गेले. त्यांच्या कॅमेऱ्याचं बटण एका याकीने दाबलं. पिंगट डोळे भिंगाला भिडलेले, दात विचकलेले, खालचा जबडा चक्क मिश्कील. फोटो जगभर गाजला.

मग सुरू झाली खटलेबाजी. ‘पेटा’ या प्राणिहक्क संघटनेने 2015 मध्ये माकडाच्या वतीने, त्याला नारुतो म्हणत, अमेरिकेत स्वामित्वहक्काचा दावा लावला. स्लेटर म्हणत, तिपाई मी लावली, भिंग मी निवडलं, माकडांचा विश्वास मी मिळवला.

इथे गीतेचा अठरावा अध्याय आठवतो. कोणत्याही कर्माला तिथे पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, हालचाली आणि दैव. केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची तिथे चांगलीच हजेरी घेतली आहे. या हिशेबात जंगल, कॅमेरा, माकडाचं कुतूहल, त्या क्षणीचा उजेड, सगळेच वाटेकरी.

कायद्याला एवढी ऐसपैस मांडणी परवडत नाही. 2018 मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं, प्राण्याला असा दावा लावता येत नाही. त्याआधीच तडजोड झाली होती: त्या फोटोंच्या पुढच्या कमाईतला 25 टक्के वाटा मकाकांचं रक्षण करणाऱ्या संस्थांना. पाचांपैकी अधिष्ठानाला, म्हणजे जंगलाला, निदान काहीतरी मिळालं म्हणायचं; त्या भागात याकीची मांसासाठी शिकार मात्र होतच राहिली.