न दिसणारा शेजारी

नीतीचा विचार करू लागलो की आम्ही बहुधा मोठेच प्रश्न हाती घेतो: युद्ध, भ्रष्टाचार, गर्भपात, जंगलतोड. कचेरीतील पंचिंग मशीनची पिन बोथट झाली, तर तो नीतीचा प्रश्न ठरतो काय? तो ठरतो, असे आम्हांस वाटते.

हे यंत्र तसे साधे. जर्मनीतील बॉन येथील फ्रीड्रिख झोनेकेन यांनी १८८६ साली त्याचे एकस्व घेतले. दांडा दाबला की दोन पोलादी पिना खालच्या भोकांत उतरतात, स्प्रिंग त्यांना पुन्हा वर उचलते आणि कापलेल्या टिकल्या तळाच्या तबकात साचतात. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार छिद्र ६ मिलिमीटर रुंद, दोन छिद्रांतील अंतर ८० मिलिमीटर आणि छिद्राचा मध्य कडेपासून १२ मिलिमीटर असतो. म्हणजे कागदाला धरून ठेवणारी पट्टी अवघी ९ मिलिमीटरची! कागद टेकवण्याची पट्टी सरकली तर तीही उरत नाही. स्प्रिंग थकली तर पिन कागदातच अडकते व तो ओढताना फाटतो. नवी पिन जरा बारीक बसवली तर कागद कापला न जाता फटीत दुमडतो. पावसाळ्यात पिनांवर गंज चढतो तो वेगळाच. यांतील काही दोष तेलाच्या थेंबाने जातात, काही पट्टी नीट बसवल्याने. वाकलेली पिन मात्र बदलावीच लागते.

आता हे यंत्र गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्लीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी ठेवून पाहू. भोवताली जंगल आणि माडिया गोंडांची गावे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार येथील आदिवासी शेतकऱ्याला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आपण ही जमीन कसत आलो, हे दाखवावे लागते. त्यासाठी गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही पुरावा म्हणून चालते. दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे व तेथून जिल्हा समितीकडे जातो. प्रत्येक मेजावर नस्तीला नवे कागद जोडले जातात, नवी छिद्रे पडतात. अशा नस्तीतून एक फाटका कागद गळून पडला असे समजा. तो कागद म्हणजे अंगठा उमटवून नंतर निवर्तलेल्या वृद्धाचे निवेदन असेल, तर ते पुन्हा कोण लिहून देणार? लालफितीला आम्ही नेहमी दोष देतो. पण ती फीत ज्या छिद्रातून जाते, त्याकडे कोणी पाहिले आहे?

अशा क्षुल्लक गोष्टींनी राष्ट्रेही अडली आहेत. अमेरिकेत २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडा राज्याचा निकाल अवघ्या ५३७ मतांनी ठरला. तेथे अनेक ठिकाणी मतदार पत्रिकेला छिद्र पाडून मत देत असत. टिकली पूर्ण न तुटता लोंबकळत राहिलेल्या पत्रिका मोजाव्यात की नाही, हा वाद न्यायालयांत गेला. यंत्रात साचलेल्या टिकल्या आणि झिजलेले भाग यांचीही तेथे चर्चा झाली. तबक रिकामे करण्याचे काम कोणा एकाचे नसले, की ते कोणाचेच राहत नाही.

आमच्याकडेही तेच ऐकू येते. कारकून म्हणतो, हे शिपायाचे काम. शिपाई म्हणतो, भांडारातून पिन मिळत नाही. भांडारपाल म्हणतो, मंजुरी नाही. प्रत्येकाचे म्हणणे खरे असू शकते, तरीही सर्वांचे मिळून जे घडते ते अन्यायाचेच असते. मिस्साच्या आरंभी आम्ही विचाराने, शब्दाने व कृतीने केलेल्या पापांबरोबरच न केलेल्या कर्तव्याचीही कबुली देतो. या शेवटच्या पापाला दुष्टावा लागत नाही. नुसते दुर्लक्ष पुरते. भल्या शोमरोन्याच्या दाखल्यातील याजक आणि लेवी यांनी त्या जखमी माणसाला मारले नव्हते, ते केवळ बाजूने निघून गेले. पण त्यांना तो माणूस दिसला तरी होता. कचेरीत ज्याचे नुकसान होते तो दिसतही नाही. तो कित्येक कोस दूर, आपल्या धानाच्या बांधावर उभा असतो. म्हणून येथे शेजारधर्म अधिक कठीण आहे. न दिसणाऱ्या माणसाला कागदावरून ओळखावे लागते.

कोणी म्हणेल, यंत्र स्वस्त आहे. दुरुस्तीत वेळ दवडण्यापेक्षा नवे घ्यावे. जरूर घ्यावे, जर जुने खरोखर निकामी झाले असेल तर. तथापि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात ज्या फेकून देण्याच्या वृत्तीवर बोट ठेवले, ती केवळ वस्तूंपुरती थांबत नाही. बिघाड कशात आहे हे पाहण्याचीच सवय मोडली, की नव्या यंत्राचीही पट्टी लवकरच सरकते आणि तीही कोणाच्या लक्षात येत नाही. दुरुस्ती करावी की बदल, हा व्यवहाराचा प्रश्न आहे. पाहावे की न पाहावे, हा नीतीचा.

प्रामाणिकपणाची परीक्षा आम्ही पैशाच्या व्यवहारात घेतो. तीच परीक्षा बोथट पिनेपाशीही होत असते. तेथे साक्षीदार नसतो, शाबासकी नसते. असतो तो फक्त दुसऱ्याचा कागद, आणि तो आमच्या हाती विश्वासाने आलेला असतो.