शौर्य कोणाचे?

आमच्या श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या बहुतेक घरांतले कोणी ना कोणी आखातात नोकरीला असते. त्यामुळे नकाशावर कुवेत शोधायला माझ्या वर्गाला माझी गरज पडत नाही. त्या दिवशी मी बोट ठेवले ते समोरच्या किनाऱ्यावर, इराणच्या बुशहर बंदरावर. १८५६ च्या अखेरीस मुंबईहून निघालेली कंपनीची फौज तेथे उतरली होती. इराणने अफगाण सीमेवरचे हेरात घेतले, म्हणून इंग्रजांनी युद्ध पुकारले. हेरात कोठे, बुशहर कोठे आणि त्यासाठी जहाजात चढवलेला मुंबई फौजेतला स्वार कोठला!

८ फेब्रुवारी १८५७ रोजी बुशहरच्या परिसरात खुशाब येथे लढाई झाली. तिसऱ्या बॉम्बे लाइट कॅव्हलरीने ५०० इराणी शिपायांच्या चौकोनी व्यूहावर घोडे घातले. लेफ्टनंट आर्थर मूर सर्वांच्या पुढे होता. त्याने संगिनींवरून घोडा थेट आत उडवला. घोडा जागीच मेला, मूर त्याच्याखाली सापडला, तलवार मोडली. तशीच मोडकी तलवार घेऊन तो वाट काढू लागला. लेफ्टनंट जॉन माल्कमसनने ते पाहिले. ऐन बाविशीतला हा पोरगा शत्रूच्या गर्दीत घुसला आणि आपल्या रिकिबीचा आधार देऊन त्याने मूरला बाहेर काढले. १८६० मध्ये दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. मूर पुढे मेजर जनरल झाला आणि १९१३ मध्ये वारला.

मुले रंगून ऐकत होती. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, “सर, इराणी तर आपल्या घरातच उभे होते ना? मग बहादूर कोण?”

मुलांच्या प्रश्नाला बगल देऊ नये, असे आम्हाला बी.एड.ला शिकवले होते. घंटा झाली म्हणून मी सुटलो.

धीट माणूस आणि चांगला माणूस एकच असतो का? दरोडेखोरही धीट असतो. मूरची उडी वाचताना माझाही श्वास रोखला गेला, खोटे कशाला बोलू? पण ती उडी कोणत्या कामासाठी होती, हे विसरून मला तिचे मोल करता येत नाही. माल्कमसनच्या बाबतीत मी अडखळतो. त्यानेही वाटेत माणसे कापलीच असणार. तरी पडलेल्या माणसासाठी त्याने जीव धोक्यात घातला. त्याच्या सन्मानपत्रातही धैर्याबरोबर दुसऱ्याची काळजी वाहण्याच्या वृत्तीचा गौरव आहे. ही वृत्ती कोणत्याही युद्धाहून मोठी आहे, असे मला वाटते. फक्त एक शंका राहते. पडलेला माणूस हिंदी स्वार असता तर?

त्या चालीत हिंदी स्वारही होते, हिंदू होते आणि मुसलमानही. संगिनी त्यांच्याही छातीसमोर होत्या. पण व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी शिपायाला १९११ पर्यंत नियमानेच बंद होता. त्यांच्यासाठी १८३७ पासून ऑर्डर ऑफ मेरिट हे वेगळे पदक होते. म्हणजे शौर्य एक आणि तराजू दोन! ते आपल्याच धर्मभावांवर चालून कसे गेले, असे कोणी विचारतात. क्रिमियात ख्रिस्ती इंग्रज तुर्कांच्या बाजूने ख्रिस्ती रशियाशी लढला, त्याला हे कोणी विचारत नाही. आमचे स्वार खाल्ल्या मिठाला जागले. मात्र मिठाला जागल्याने धन्याचे काम न्यायाचे होत नाही.

त्याच वर्षी २४ एप्रिलला मीरतमध्ये दुसऱ्या एका ‘तिसऱ्या’ रिसाल्याने, तिसऱ्या बेंगॉल लाइट कॅव्हलरीने, वेगळाच धीटपणा दाखवला. तिच्या ८५ स्वारांनी काडतुसे हाती घ्यायला नकार दिला. त्यांनी कोणावर चाल केली नव्हती, फक्त ‘नाही’ म्हटले होते. ९ मे रोजी साऱ्या फौजेसमोर त्यांचे गणवेश उतरवून पायांत बेड्या ठोकण्यात आल्या.

दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितले. त्याच मुलीने वही उघडली आणि म्हणाली, “सर, यांची नावे सांगा, लिहून घेते.” मूर आणि माल्कमसन ही नावे फळ्यावर कालचीच होती. मी डस्टर हातात घेऊन उभा राहिलो.