जोड कुठे आहे?

जालना शहराजवळ बेथेल नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी ते वसवले. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा ब्राह्मण तरुण. त्याचा धाकटा भाऊ श्रीपती याच्यावरून मुंबईत केवढे वादळ उठले आणि त्या मुलाला परत जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी कशी खटपट केली, हे प्रबोधनाच्या इतिहासात आपण वाचतो. थोरल्या भावाचे पुढे काय झाले हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. तो फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा पाळक होऊन निजामाच्या मुलखात, जालन्याला आला. तिथल्या मातंग वस्त्यांत त्याने काम केले. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्या काळात राज्याकडून जमीन मिळवली आणि ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांसाठी गाव उभे केले. मुसलमान राजवटीने दिलेली जमीन, ब्राह्मण घरात जन्मलेला पाळक आणि मातंग रहिवासी. या गावाला त्याने नाव दिले ते बायबलमधून उचललेले.

उत्पत्तीच्या २८व्या अध्यायात याकोब भावाला फसवून घरातून पळालेला आहे. उघड्यावर रात्र पडते. धोंडा उशाला घेऊन तो निजतो आणि त्याला जमिनीपासून आकाशापर्यंत टेकलेली शिडी व तिच्यावरून चढणारे-उतरणारे देवदूत स्वप्नात दिसतात. सकाळी उठून तो त्या जागेला बेथेल म्हणतो. चित्रकारांनी आणि नंतर चित्रपटवाल्यांनी या गोष्टीतून नेहमी शिडी उचलली. साहजिक आहे, ती डोळ्यांना सुखावते. पण मूळ मजकुरात शिडीचे वर्णन एका वाक्यात आटोपते. देव त्यानंतर जे बोलतो ते जमिनीबद्दल आहे: तू निजला आहेस ती भूमी तुला आणि तुझ्या संततीला देईन. आणि याकोब उठल्यावर जो नवस बोलतो तोही पोटापाण्याचा आहे. खायला अन्न आणि अंगावर घालायला वस्त्र मिळाले, सुखरूप घरी परतलो, तर हा माझा देव. ज्यांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती त्या माणसांच्या गावाला हे नाव देणाऱ्याने ती गोष्ट नीट वाचली होती असे मला वाटते. बायबलच्या रूपांतराबद्दल बोलायचे तर जालना जिल्ह्यातले सर्वांत इमानी रूपांतर हे आहे आणि त्याला पडदा लागलेला नाही.

पडद्यावरच्या बायबलबद्दल लिहिताना हे आधी सांगण्याचे कारण असे की, 'चित्रपट मूळ कथेशी प्रामाणिक आहे का' हा प्रश्न आपण फार सोप्या मापाने मोजतो. संवाद पुस्तकातले आहेत का? प्रसंग क्रमाने आहेत का? जास्तीचे पात्र घुसडले आहे का? ही मापे लावली तर १९७९चा 'जीझस' पहिल्या नंबराने उत्तीर्ण होतो. मराठीसह दोन हजारांहून अधिक भाषांत उतरलेला, गावोगाव पडदे बांधून दाखवला गेलेला हा चित्रपट. तो लूककृत शुभवर्तमानावर बेतलेला आहे आणि त्यातल्या येशूच्या तोंडचे जवळजवळ सगळे शब्द लूकचेच आहेत. चित्रीकरणही इस्राएलमध्ये झाले. तरी येशू कसा दिसत होता याबद्दल लूक एक शब्द लिहीत नाही आणि पडद्यावर तर चेहरा हवाच. तो ब्रायन डीकन या इंग्रज नटाचा आला. शिवाय गोष्ट संपल्यावर निवेदक प्रेक्षकांना विश्वासाचे आवाहन करतो आणि प्रार्थना सांगतो. लूकने तिथे काही लिहिलेले नाही. शब्द न् शब्द सांभाळलेल्या चित्रपटाला चेहरा आणि समारोप या दोन सर्वांत प्रभावी गोष्टी बाहेरून आणाव्या लागल्या.

बायबलची कथनशैली माहीत असणाऱ्याला याचे नवल वाटणार नाही. एरिख आउअरबाख या जर्मन समीक्षकाने 'मायमेसिस' या १९४६च्या ग्रंथाची सुरुवातच यावर केली आहे. होमर सगळे उजेडात मांडतो, आणि अब्राहाम मुलाला बळी द्यायला निघतो तेव्हा बायबल जवळजवळ सगळे अंधारात ठेवते. तीन दिवसांची वाट, बाप-लेक बरोबर, आणि संभाषण केवढे तर दोन-चार वाक्ये. आपण महाभारतावर वाढलेले लोक. आपल्याकडे बाण सुटण्याआधी अठरा अध्याय बोलणे होते. बायबलचा हा कोरडेपणा आपल्याला पटकन उमगत नाही. कॅमेऱ्याला तर तो परवडतच नाही. लेखक 'आणि ते पुढे गेले' एवढे लिहून मोकळा होतो. दिग्दर्शकाला मात्र ते कसे गेले, अब्राहाम मुलाकडे बघत होता की टाळत होता, हे ठरवावेच लागते. म्हणजे भर घालणे हा गुन्हा नाही, ती अट आहे.

सेसिल बी. डिमिलला हे पक्के ठाऊक होते. निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात मोशे एका वचनात तान्हा आहे आणि पुढच्याच वचनात मोठा झालेला. १९५६च्या 'द टेन कमांडमेंट्स'ने त्या फटीत राजवाडा, भावाभावांचे वैर आणि एक राजकन्या बसवली. पण चित्रपट सुरू होण्याआधी डिमिल स्वतः पडद्याबाहेर येतो आणि सांगून टाकतो की मोशेच्या आयुष्यातली तीसेक वर्षे पवित्र शास्त्रात नाहीत, ती आम्ही जुन्या इतिहासकारांच्या आधाराने भरली. मला त्याचे हे वागणे आवडते. दुर्दैवाने पुढचे साडेतीन तास इतके दणदणीत आहेत की सुरुवातीचे ते दोन शब्द कोणाच्या लक्षात राहत नाहीत. बायबलमधला मोशे आपली जीभ जड आहे म्हणून देवाकडे सुटका मागतो आणि अखेर अहरोनाला त्याच्या वतीने बोलावे लागते. चार्लटन हेस्टन गरजतो. राजकन्या ही भर होती, ती मी खपवून घेईन. पण अडखळणारा पुढारी गाळला, त्यात गोष्टीचा कणाच गेला.

आता आपल्याकडे बघू. बायबलची गोष्ट मराठीत प्रथम विस्ताराने सांगितली ती फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाने, १६१६ साली, गोव्यात. त्यात पाद्री सांगतो आणि ऐकणारे मध्येच शंका विचारतात. सांगणारा दिसतो, ऐकणारा दिसतो. पुढे नगरच्या बाजूला कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले, नारायण वामन टिळकांनीही ती वाट धरली. कीर्तनकार आख्यानात काय वाटेल ते घालतो. उधळ्या पुत्राच्या बापाला तो मराठवाड्यातला शेतकरी करील, डुकरे राखणाऱ्या पोराच्या तोंडी गावची बोली घालील. कोणी तक्रार करत नाही, कारण तो मध्येच थांबून वचन म्हणतो, झांज वाजते, चाल बदलते आणि शास्त्र कुठे संपले नि बुवा कुठे सुरू झाले हे शेवटच्या रांगेतल्या आजीलाही कळते. जोड ऐकू येतो. पैठण शैलीची चित्रे हातात धरून कथा सांगणाऱ्या चित्रकथींचेही तेच: चित्र एकीकडे, सांगणारा आवाज दुसरीकडे.

मूकपट याच घरातला होता. १९१०-११च्या सुमारास मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि पडद्यावर ख्रिस्त हलत असताना मनात कृष्ण आणि राम दिसू लागले, असे त्यांनी १९१७मध्ये 'नवयुग'मध्ये लिहिले. भारतीय चित्रपटाचा जन्म बायबलच्या एका रूपांतरातून झाला, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि तिथेच थांबतो. मला त्यातले दुसरेच काही महत्त्वाचे वाटते. फाळक्यांनी तो चित्रपट खरा आहे का हे तपासले नाही; एक पवित्र गोष्ट दाखवता येते एवढेच घेतले. त्यांच्या १९१७च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके रामही झाले आणि सीताही. प्रेक्षकांनी हात जोडले. एकच माणूस दोन्ही भूमिकांत आहे हे त्यांना दिसत नव्हते असे थोडेच आहे? दिसत असूनही श्रद्धेला बाधा आली नाही.

बोलपट आला आणि जोड बुजला. याचे उत्तम उदाहरण बायबलचे नाही, आपल्याच घरचे आहे. प्रभातच्या १९३६च्या 'संत तुकाराम'साठी शांताराम आठवले यांनी एक अभंग लिहिला. तो इतका बेमालूम जमला की लोक तो तुकोबांचाच समजून गाऊ लागले. आठवल्यांच्या प्रतिभेला दाद द्यावी तेवढी थोडी. तरीही प्रश्न उरतोच. समर्थांच्या जांबपासून देहूपर्यंत किती घरांत आज चित्रपटातला संत गाथेतल्या संताच्या जागी बसला असेल? चांगला अभंग चुकीच्या नावावर गेला एवढेच असेल तर हसून सोडावे.

मरीया मग्दालीयेचे मात्र हसून सोडता येत नाही. शुभवर्तमानात ती वेश्या आहे असे कुठेही नाही. लूक म्हणतो की तिच्यातून सात भुते निघाली होती आणि ती इतर बायकांसोबत आपल्या पैशाअडक्याने येशूची सेवा करत होती. योहानाच्या म्हणण्याप्रमाणे पुन्हा उठलेल्या येशूला सर्वांत आधी तिनेच पाहिले. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिला आणि लूकच्या आधीच्या अध्यायातल्या एका निनावी पापी स्त्रीला एकच ठरवले. सिनेमाने तो शिक्का मोठ्या आनंदाने उचलला. डिमिलचा १९२७चा 'द किंग ऑफ किंग्ज' तिच्या विलासी महालातच सुरू होतो, यहूदा तिचा प्रियकर आहे. येशूच्या कार्याला पैसा पुरवणारी, पहिली साक्षीदार असलेली बाई शंभर वर्षे नाचगाण्याच्या खात्यात जमा झाली. आपल्या शब्बाथ शाळेत वाढलेली शिकलीसवरलेली माणसेही हे बायबलमध्ये आहे असे शपथेवर सांगतात.

मेल गिब्सनच्या २००४च्या 'द पॅशन ऑफ द ख्राईस्ट'चे तर कौतुकच झाले ते अस्सलपणासाठी, कारण पात्रे अरामी आणि लॅटिन बोलतात. पण येशूला फटके मारल्याचा उल्लेख शुभवर्तमानांत जेमतेम एका वाक्याचा आहे. गिब्सन तिथे कितीतरी मिनिटे थांबतो. त्यातले बरेच तपशील आले आहेत अ‍ॅना काथारिना एमेरिख या जर्मन जोगिणीच्या दृष्टान्तांतून, जे क्लेमेन्स ब्रेन्टानो या कवीने एकोणिसाव्या शतकात लिहून काढले. जुनी भाषा हा इथे जोड लपवायचा रंधा झाला.

याच्या उलट १९७८चा तेलुगू 'करुणामयुडु'. हिंदीत तो 'दयासागर' म्हणून फिरला. जाणकार त्याला नाके मुरडतात: विजयचंदरचे डोळे, भडक रंग, गाणी. मला तो या बाबतीत गिब्सनपेक्षा सरळ वाटतो. गाणे सुरू झाले की गालीलात वाद्यवृंद नव्हता हे खेड्यातल्या प्रेक्षकालाही कळते. इथे सिनेमा बोलतो आहे, शास्त्र नाही, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. आणि टोकाचे दुसरे उदाहरण पाझोलिनीचे. नास्तिक, मार्क्सवादी दिग्दर्शक. १९६४च्या त्याच्या चित्रपटातले संवाद मत्तयातून घेतलेले, नट बहुतेक हौशी, दक्षिण इटलीतली गरीब गावे पॅलेस्टाइन म्हणून उभी केलेली आणि म्हातारी मरीया म्हणून त्याची स्वतःची आई. मत्तय जिथे गप्प आहे तिथे पाझोलिनीही गप्प बसतो आणि फक्त चेहरे दाखवतो. ते चेहरे उन्हातान्हात राबलेल्या माणसांचे आहेत. बेथेल नाव ठेवणाऱ्याने याकोबाच्या गोष्टीतून जे घेतले, जवळजवळ तेच इथे आहे: मजकुरातली गरिबी सुटलेली नाही.

सध्या 'द चोझन' या मालिकेचे तुकडे मोबाइलवरून घरोघर फिरतात. पहिल्या भागाच्या आरंभी पाटी येते की काही पात्रे आणि संवाद आमचे आहेत, शुभवर्तमाने वाचा. डिमिलचाच वारसा. पण तुकडा पुढे पाठवणारा पाटी पाठवत नाही.

तेव्हा चित्रपट बंद करा असे मी म्हणणार नाही, आणि पाळकांनी आधी तपासून मग दाखवावेत असेही नाही. नाताळात देवळाच्या आवारात पडदा लावला तर दिवे लागल्यावर तो अध्याय मोठ्याने वाचावा, अर्धा तासही लागत नाही. लूकचा दुसरा अध्याय वाचला तर गव्हाणीशी मेंढपाळ येतात, मागी लोक येत नाहीत. ते मत्तयात आहेत, तिथे गव्हाणी नाही, आणि ते तिघे होते असे मत्तयही म्हणत नाही. मुलांना हा खेळ फार आवडतो. पहिल्या वर्षी ती चित्रपटाच्या चुका काढतील, दुसऱ्या वर्षी स्वतः बसवलेल्या नाताळच्या नाटकाच्या, आणि मग कोणीतरी विचारील की मग तिसरा मागी म्हणून मला उभे का केले होते.