पोटाचा तिसरा हिस्सा



रमजानमध्ये तरावीहच्या पहिल्या रकअतींत सफ भरगच्च असतात. पुढे कोणी भिंतीला टेकतो, कोणी वजूखान्याकडे वळतो, कोणी घरची वाट धरतो. हा रोजाचा थकवा आहे, असे आपण समजतो. पुष्कळदा मात्र तो थकवा रोजाचा नसून इफ्तारचा असतो. पोट फुगलेले असते, गुबारा धरलेला असतो आणि सजद्यात वाकणेही जड जाते. ही तक्रार केवळ रमजानची नाही. पण रमजानात ती लपत नाही.

अशा विषयावर धार्मिक मासिकात काय लिहायचे, असे कोणास वाटेल. परंतु इस्लामने पोटाला इबादतीपासून वेगळे मानलेले नाही. पवित्र कुरआनच्या सूरह अल-आराफमधील ३१व्या आयतीत खाण्यापिण्याची अनुमती आणि अतिरेकाची मनाई एकाच ठिकाणी आली आहे. तिर्मिजीतील हदीसनुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पोटाला सर्वांत वाईट भरले जाणारे भांडे म्हटले. माणसाला पाठ ताठ राहण्यापुरते चार घास पुरे आहेत. अधिक हवेच असेल तर एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, अशी शिकवण त्यांनी दिली.

या तिसऱ्या हिश्शावर थोडा विचार करा. जठर ताणले गेले की ते वरच्या श्वासपटलावर दाब आणते आणि श्वास अपुरा वाटू लागतो. तिसरा हिस्सा मोकळा राहिला तर कुरआनचे पठणही मोकळ्या श्वासाने होते.

पोट फुगण्याची कारणे मुख्यत्वे दोन आहेत. पहिले, घाईने खाता-पिता गिळली जाणारी हवा. बाटलीतील फसफसणारी पेये तीत आणखी वायूची भर घालतात. दुसरे, जे अन्न लहान आतड्यात पचत नाही ते मोठ्या आतड्यात पोहोचते, तेथील सूक्ष्म जीव ते आंबवतात आणि वायू निर्माण होतो. चणे, वाटाणे, राजमा, कांदा, कोबी यांनी अनेकांना हा त्रास होतो. ज्यांना दुधातील साखर पचत नाही, त्यांना दुधाने होतो. तळलेल्या पदार्थांमुळे जठर रिकामे व्हायला वेळ लागतो. बद्धकोष्ठ असेल तर वायू कोंडून राहतो. आता आपल्या दस्तरख्वानाकडे पाहा. भजी, समोसे, चना, थंड पेय आणि वर दुधाचे सरबत, हे सारे दहा मिनिटांत! पोटाने तक्रार करू नये तर काय करावे?

याउलट सुन्नतची रीत पाहा. प्रेषित (स.) मगरिबच्या नमाजपूर्वी काही ताज्या खजुरांनी रोजा सोडत, त्या नसल्यास सुक्या खजुरांनी आणि त्याही नसल्यास पाण्याच्या काही घोटांनी. पाणी ते तीन श्वासांत, भांडे तोंडापासून दूर करून पीत. आपणही खजूर आणि पाणी घेऊन नमाज अदा करावी आणि मग शांतपणे जेवावे. तेवढ्या अवधीत भुकेची घाई ओसरते. कडधान्ये रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यावे आणि नीट शिजवावीत. जेवून लगेच आडवे होऊ नये, थोडे चालावे. मशिदीपर्यंत पायी जाणे हे त्यासाठी उत्तम निमित्त आहे. इफ्तार ते सहरी या काळात पाणी थोडेथोडे पीत राहावे. ओवा किंवा बडीशेप चघळण्याच्या जुन्या रीतीने अनेकांना आराम वाटतो, पण ती अधिक खाण्याची मुभा नव्हे.

या त्रासाची दुसरी बाजू अधिक नाजूक आहे. पोटात वायू धरतो म्हणून काही बांधव जमाअतीला येणेच सोडतात. वजू टिकला की नाही या शंकेने काहींची नमाज दोन-दोनदा तुटते. त्यांनी हे जाणावे की, पोटात गुडगुडले तरी आवाज किंवा वास जाणवल्याशिवाय मशिदीतून बाहेर पडू नये, असे सहीह मुस्लिममधील हदीस सांगते. फिकहचा नियमही हाच आहे की, खात्री शंकेने नष्ट होत नाही. मात्र वायूचा जोर असताना तो दाबून नमाजला उभे राहू नये. आधी मोकळे व्हावे, मग ताजा वजू करावा. ज्यांचा त्रास इतका सततचा आहे की वजू टिकतच नाही, त्यांच्यासाठीही शरिअतमध्ये सवलत आहे. तिच्या अटी हनफी आणि शाफई मस्लकांत काहीशा वेगळ्या आहेत, म्हणून त्या आपल्या इमामांना विचाराव्यात. संकोच करू नये.

नमाजमध्ये वजू तुटलाच तर काय करावे? अबू दाऊदमधील हदीसनुसार त्याने नाक धरून निघून जावे. विद्वानांनी यामागील हेतू असा सांगितला आहे की, पाहणाऱ्यांना नाकातून रक्त आले असे वाटावे आणि त्या माणसाची लाज राखली जावी. तसेच कोणाचा वायू सरला म्हणून हसण्याची प्रेषितांनी (स.) मनाई केली, जे आपल्याकडूनही घडते, त्यावर का हसावे? आपल्या घरांत आणि मशिदीच्या सफीत या शिकवणीचे पालन होते का, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे.

भगिनींना विशेष विनंती आहे. सर्वांना वाढून, उरलेले घाईघाईत खाऊन, दुखले तरी न बोलण्याची सवय आपल्या घरांत रुजली आहे. तिला आपण हया समजतो. परंतु माननीय आयेशा (रजि.) यांनी अन्सारच्या स्त्रियांची प्रशंसा केली, ती याचसाठी की हयेने त्यांना दीन समजून घेण्यापासून रोखले नाही. आजाराबाबतही तसेच आहे. पोट आठवडेच्या आठवडे फुगलेले राहणे, थोडे खाताच पोट भरणे, कारणाविना वजन घटणे, शौचात रक्त दिसणे, वारंवार उलट्या होणे, ही डॉक्टरांकडे जाण्याची लक्षणे आहेत. पन्नाशीपुढच्या स्त्रीला असा त्रास नव्याने सुरू होऊन टिकून राहिला, तर तपासणी अजिबात लांबवू नये. अंडाशयाचा कर्करोगही कधी याच रूपाने प्रकट होतो. पोट कडक होऊन तीव्र वेदना होत असतील आणि शौच व वायू दोन्ही बंद झाले असतील, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. घरातील पुरुषांनीही विचारपूस करण्यासाठी तक्रारीची वाट पाहू नये.

उपचार करणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. प्रेषितांनी (स.) उपचार घेण्यास सांगितले आहे आणि वार्धक्याखेरीज प्रत्येक व्याधीसाठी अल्लाहने इलाज ठेवला असल्याचे कळविले आहे. शरीर ही अल्लाहची अमानत आहे. आज रात्रीच्या जेवणात तिचा तिसरा हिस्सा मोकळा ठेवून आपण सुरुवात करू या.

अल्लाह आपल्या आजारी बंधू-भगिनींना शिफा देवो, आपल्या अन्नात बरकत देवो आणि आपल्याला हलक्या शरीराने व हजर मनाने इबादत करण्याची तौफीक देवो. आमीन.