ताईच्या पडवीतला दुसरा कप

ताईसमोर मी जे बोलले, ते मला शब्दन् शब्द आठवतं. भावोजींना जाऊन चार महिने झाले होते. मी आठवडाभराची रजा काढून चिपळूणला गेले होते. संध्याकाळी साडेसहाला ताई दोन कप चहा घेऊन पडवीत यायची, एक स्वतःसमोर ठेवायची, दुसरा त्यांच्या खुर्चीजवळच्या स्टुलावर. अंधार पडला की तो गार झालेला चहा जास्वंदीच्या बुंध्याशी ओतायची. तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, "ताई, घटना आपल्याला दुःख देत नाही, तिच्याविषयीचा आपला विचार देतो. ते जायलाच नको होते, हा तुझ्या मनाचा हट्ट आहे. तो सोडलास की त्रास कमी होईल."

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं एकच कप आणला.

मला वाटलं, आपण तिला मदत केली. परत आल्यावर आमच्या अभ्यासगटात मी हा प्रसंग सांगितला. नाव घेतलं नाही, पण यश म्हणून सांगितला. ती पहिली चूक मोठी की ही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. रात्री झोप लागत नाही तेव्हा मात्र हीच आठवते.

मानसशास्त्राकडे मी उशिरा वळले. बँकेतली नोकरी, मुलगा शिकायला बाहेरगावी, हातात वेळ. अंजली जोशी यांचं 'मी अल्बर्ट एलिस' वाचलं आणि मी त्या माणसाच्या मागेच लागले. ज्यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून त्यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती आपल्याकडे रुजवली, त्या कि. मो. फडके यांची पुस्तकं वाचली. मग एक अभ्यासक्रम केला. एलिस यांनी मांडलेला ढाचा सोपा आहे: ए म्हणजे घटना, बी म्हणजे तिच्याकडे पाहण्याचा आपला दृष्टिकोन, सी म्हणजे भावनिक परिणाम. ए थेट सीला जन्म देत नाही, मधे बी असतो. हे कळलं तेव्हा मला खरोखर मोकळं वाटलं होतं. ते सुख खोटं नव्हतं, आजही मी त्याला खोटं म्हणणार नाही.

पण तो ढाचा मी वापरला कुणावर? नवऱ्याच्या चिडचिडीवर, काउंटरवर आवाज चढवणाऱ्या खातेदारांवर, ताईवर. माझ्यावर वेळ आली तेव्हा काय केलं, तेही लिहायला हवं. त्याच वर्षी माझी बदली दूरच्या शाखेत झाली. पाच-सहा महिने मी घरात धड बोलले नाही. तेव्हा मला बी आठवला नाही. अन्याय झाला, एवढंच मी म्हणत होते. माझं दुःख घटनेमुळे आणि ताईचं दुःख तिच्या विचारांमुळे!

या एकतर्फी मापाचा अभ्यास झालेला आहे आणि तो मी वाचलेलाही होता. 1967 साली जोन्स आणि हॅरिस या संशोधकांनी विद्यार्थ्यांना क्युबाच्या कॅस्ट्रोविषयीचे निबंध वाचायला दिले. बाजू लेखकानं स्वतः निवडलेली नाही, ती त्याला नेमून दिली होती, असं सांगितल्यावरही, कॅस्ट्रोची बाजू घेणारा लेखक मनातून त्याच्याच बाजूचा असावा, असं वाचणाऱ्यांना वाटत राहिलं. परिस्थिती समोर दिसत असूनही आपण दुसऱ्याच्या वागण्याचं मूळ त्याच्या आतच शोधतो. मी या प्रयोगावर टिपण काढलं होतं. परीक्षेत उत्तरही लिहिलं होतं.

पुढच्या दिवाळीत भाची आली होती. भांडी पुसता पुसता म्हणाली, "मावशी, आई तुझ्यासमोर नीट वागते. तू निघालीस की दोन कप करते." तिच्या आवाजात राग नव्हता. मी पुसत असलेलं ताट तसंच हातात राहिलं.

त्यानंतर मी जुन्या वह्या काढल्या. एलिस यांनी दुःख आणि नैराश्य, चिंता आणि काळजी यांत फरक केला आहे. आवडतं माणूस गेलं तर खोल दुःख होणं त्यांच्या लेखी निरोगी आहे, ते घालवायचं नसतंच. हे वाक्य माझ्याच अक्षरात होतं, खाली लाल रेघ मारलेली. म्हणजे अज्ञानाचा आधारही मला नाही. ताईचं रडणं मला सोसवत नव्हतं, म्हणून मी ते चुकीचं ठरवलं. उपचाराची गरज त्या पडवीत मला होती.

एकोणिसाव्या वर्षी एलिस मुलींशी बोलायला घाबरत. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन ते शंभर मुलींशी बोलले आणि नकार पचवायला शिकले. पहिला प्रयोग त्यांनी स्वतःवर केला. मी सुरुवात केली ती विधवा बहिणीपासून.

मग काही आठवडे मी स्वतःला दुष्ट म्हणत राहिले. तेही सोयीचंच होतं. 'मी वाईट आहे' म्हटलं की फोन करावा लागत नव्हता. कृती चुकली म्हणावं, माणूस चुकीचा म्हणू नये, हेही त्याच वहीत आहे. पण मी वाईट नाही, एवढ्यावर थांबून आता शांत झोपावं, असा मोह या शिकवणीतून पडू शकतो. मला तो पडला.

गेल्या महिन्यात चिपळूणला गेले आणि पडवीत ताईला म्हणाले, "तेव्हा मी तुझं दुःख चुकीचं ठरवलं. चूक माझी होती."

ती म्हणाली, "तेव्हा तुला उत्तर द्यायचं बळ नव्हतं गं."

मग भावोजी चहा बशीत ओतून कसे प्यायचे, ते सांगत राहिली. शेवटच्या सकाळी त्यांच्या छातीत जळजळत होतं, तिनं ते पित्तावर घातलं आणि तेवढ्यात अर्धा तास गेला, हे तिनं मला पहिल्यांदाच सांगितलं. माझ्या जिभेवर उत्तर आलं. ते गिळलं. दुसऱ्यांदाही गिळलं. तिसऱ्यांदा तोंडातून गेलंच, "पण ताई, तुला कसं कळणार होतं..."

ती थांबली. माझ्याकडे पाहिलं, दोन्ही कप उचलले आणि आत गेली.